साहेबांची बदली होते, विहिरीची नाही

 

आज आपण सरकारी माणसांविषयी बोलणार आहोत. तक्रारींचा पाढा वाचायचा नाही, काळजी करू नका. आपली जमीन, पाणी, झाडझाडोरा यांची देखरेख करणारं सरकारी पथक असतं. त्याच्या प्रमुखानं काम कसं चालवावं आणि आपण त्याच्याकडून काय मागावं, एवढाच विषय आहे. कुणी म्हणेल, हा साहेबलोकांचा विषय, आपल्याला काय त्याचं? पण विहीर आटली की हंडा आपल्याच डोक्यावर येतो. आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्यांत आपल्या आज्या आणि सासवा होत्या. पाणी अडवायला आपले हात चालले, तर ते वाटायच्या वेळी आपलं डोकंही चालायला हवं.

प्रशिक्षणासाठी आम्ही पुणे शहरात येतो, तेव्हा एक गोष्ट दरवेळी जाणवते. आपल्या शिवाराचा कारभार बघणाऱ्या किती कचेऱ्यांची मुख्य ठाणी या एका शहरात आहेत! शेतीचं कृषी आयुक्तालय पुण्यात. जमिनीच्या मोजणीचं आणि नोंदींचं काम बघणारे जमाबंदी आयुक्त पुण्यात. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तिचं मुख्यालय शिवाजीनगरला. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा बाणेर रस्त्यावर. प्रत्येकाची पाटी वेगळी, फाईल वेगळी, गाडी वेगळी.

आपल्या गावात मात्र डोंगर, उतार, ओढा आणि विहीर हे सगळं एकच असतं. डोंगरावरची माती वाहिली की ओढ्यातला बंधारा भरतो, बंधारा भरला की पाणी मुरत नाही, आणि पाणी मुरलं नाही की खालची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. कुठलं काम कुठल्या खात्याचं, हे पाण्याला ठाऊक नसतं. म्हणूनच राज्य सरकारनं १९९२ साली जलसंधारणाचा स्वतंत्र विभाग केला. माथ्यापासून पायथ्यापर्यंतची कामं एका विचारानं व्हावीत, हा त्यामागचा हेतू होता.

कागदावर हेतू चांगला असला तरी तो गावात उतरवायला माणूस लागतो. आम्ही एका डोंगरउतारावर पाहिलं, एका खात्यानं समतल चर खोदले, पुढच्या वर्षी दुसऱ्या खात्याची माणसं झाडांसाठी खड्डे घ्यायला आली आणि चर जागोजाग फुटले. दोन्ही कामं चांगलीच होती. पण दोन्ही पथकांना एकत्र बसवून, आधी काय आणि मग काय, हे ठरवणारं कुणी नव्हतं. पथकप्रमुखाचं पहिलं काम इथं आहे. कृषी सहायक, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक आणि भूवैज्ञानिक यांना एका दिवशी एकाच बांधावर उभं करायचं, आणि गावातल्या माणसांना सोबत घेऊन चालत शिवार बघायचं.

दुसरं काम आहे मोजण्याचं. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींतल्या एकीला पाणी असतं आणि दुसरी कोरडी. अंदाजावर इथं भागत नाही. भूजल यंत्रणेच्या राज्यभर हजारो निरीक्षण विहिरी आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात मोजतात, तशी भर उन्हाळ्यात मे महिन्यातही मोजतात.

आता एक सोपा हिशेब करू. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं १०,००० लिटर. म्हणजे एक मोठा टँकर. आपलं शिवार ५०० हेक्टरचं आहे आणि वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरा. किती टँकर झाले? अडीच लाख! एवढं पाणी आभाळातून येतं आणि तरी उन्हाळ्यात आपण एका टँकरसाठी भांडतो. त्यातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं उन्हानं उडतं, पिकं आणि झाडं पितात, आणि थोडंच जमिनीत मुरतं. त्या थोड्याची वाटणी कशी करायची, यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. आपल्या गटाच्या जमाखर्चासारखाच तो असतो. जमा किती, आधी पिण्याला किती, जनावरांना किती, आणि मग उरलं त्यात रब्बीला किती.

इथंच पथकप्रमुखाचं तिसरं आणि सगळ्यात अवघड काम येतं. न आवडणारी गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीत आहे. पोपटराव पवार तिथं १९८९ साली सरपंच झाले, पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कमी पावसाचं ते गाव. त्यांनी डोंगरावर चर खोदले, बंधारे घातले, झाडं लावली, हे सगळे सांगतात. पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, हेही त्या गावानं ठरवलं. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी बघून पिकं ठरवली. अडवलेलं पाणी टिकलं ते या ठरावांमुळे. आपल्या पुणे जिल्ह्यातही पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी द्यायचं ते घरात माणसं किती हे बघून, जमीन किती हे बघून नाही, असा तिथला नियम. भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद.

ही दोन्ही उदाहरणं गावानं किंवा गावासाठी झटणाऱ्या माणसानं घडवलेली आहेत. सरकारी अधिकाऱ्याला तसं करता येतं का? येतं, पण त्याची रीत वेगळी. आमच्या भागात भूजलच्या पथकाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, "पाणी भरायला घरातून कोण जातं?" मग म्हणाल्या, "त्यांना पुढं बसू द्या." त्यांनी बायकांना विहीर मोजायला शिकवलं. दोरीला वजन बांधायचं, दोरीवर खुणा करायच्या, पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायची. पहाटे, कुणाचीही मोटर सुरू व्हायच्या आत मोजायचं, नाहीतर आकडा फसवतो.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मॅडमनी आकडे फळ्यावर लिहिले. हरभरा आणि ज्वारी घेतली तर सगळ्यांना एक पीक पुरेल. उसाचं आणि उन्हाळी कांद्याचं क्षेत्र वाढलं तर मार्चमध्ये टँकर लागेल. एक मोठे बागाईतदार उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोअरची परवानगी द्या, पाण्याचं आम्ही बघतो." मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, तुमची बोअर आणि गावाची पिण्याची विहीर एकाच भेगेवर आहेत. पाणी तुम्हाला मिळेल, ते यांच्या हंड्यातलं असेल." आणि त्या खाली बसल्या. ठराव गावानं करायचा होता.

त्या वर्षी ठराव झाला, पण पाच-सात जणांनी कांदा लावलाच. एप्रिलमध्ये पिण्याची विहीर खाली गेली. ती किती खाली गेली, हे वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं. त्यामुळे पुढच्या वर्षी वाद झाला नाही. वही वाचली आणि ठराव पाळला गेला.

आणि मग मॅडमची बदली झाली. यात नवल नाही. बदल्यांबाबत राज्याचा २००५ चा कायदा आहे, त्याप्रमाणे एका जागेवरची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तीन वर्षांत साहेब-मॅडमना गावाची ओळख होते न होते, तोवर निघायची वेळ येते. पाणी मात्र वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. म्हणून पथकप्रमुखाचं चौथं काम, आपण गेल्यावरही चालेल असं काम मागं ठेवायचं. नवे साहेब आले तेव्हा बायकांनी वही पुढं ठेवली. तीन वर्षांत वर्षाला चार, अशा बारा नोंदी होत्या. नव्या साहेबांना गाव पहिल्यापासून शिकावं लागलं नाही. दुसऱ्या एका गावात मात्र सगळी माहिती साहेबांच्या फाईलमध्येच राहिली. बदलीबरोबर ती गेली, आणि बंधाऱ्यातला गाळ काढायचं ठरलं होतं की नाही, हेही कुणाला सांगता येईना.

मैत्रिणींनो, आपल्याला हे कळायला जड नाही. गटाची अध्यक्ष बदलते, सचिव बदलते, तरी गट मोडत नाही, कारण बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब सगळ्यांसमोर होतात आणि दप्तरात लिहिले जातात. हीच पंचसूत्री आपण पाण्यालाही लावू शकतो.

मग आपण काय करायचं? प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. त्याआधीच्या महिला सभेत चार प्रश्न ठरावात लिहून घ्या. आपल्या गावची निरीक्षण विहीर कोणती आणि तिची पातळी या वर्षी किती? यंदाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत कधी वाचून दाखवणार? मागच्या पाच वर्षांत झालेल्या बंधारे-चरांची यादी कुठं आहे आणि त्यांची दुरुस्ती कोण करणार? पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर घ्यायला कुणी अर्ज केला आहे का? भूजलाचा २००९ चा कायदा पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाला संरक्षण देतो, हेही तिथं सांगा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. पण आधी तोंडानं विचारा. चांगल्या अधिकाऱ्याला असा प्रश्न आवडतो. वरच्या साहेबांपुढे त्यालाही सांगता येतं की गाव विचारतंय.

आणि एखादे साहेब किंवा मॅडम मनापासून काम करत असतील, तर त्यांना हारतुरे घालण्याच्या आधी त्यांच्याकडून मोजायला शिकून घ्या. हार संध्याकाळपर्यंत सुकतो, शिकलेलं राहतं.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक दोरी, एक वजन आणि शंभर पानी वही घ्यावी. दोन मैत्रिणींची निवड करावी, एक मोजणारी आणि एक लिहिणारी. पहिली नोंद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, मोटरी सुरू व्हायच्या आत. विहिरीचं नाव, तारीख, पाणी किती फुटांवर, आणि खाली दोघींच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण नोंद चुकवू नका.