आधी चढणाऱ्याचा विमा, मग चेनसॉ
(जबलपूरमध्ये स्वतःचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या पदवीधरांसमोर केलेलं भाषण)

तुमच्यापैकी तिघे मिळून झाडं छाटण्या-तोडण्याचा धंदा सुरू करताय. मी समाजशास्त्राची संशोधक, यंत्रांची जाणकार नाही. पण माझे मामा याच शहरात तीस वर्षं झाडांवर चढले. एका बंगल्यातल्या कडुलिंबावरून पडले, तेव्हा कमरेला नुसता सुती दोर होता. ठेकेदाराने दवाखान्याच्या दारात दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि विषय संपवला. चेनसॉ मात्र त्याने नवीकोरी घेतली होती.

तुमच्या यादीतही चेनसॉ पहिली आहे आणि विम्यापुढे लिहिलंय, ‘जमलं तर’. ही यादी उलटी करा.

चढणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ लिहिलेलं पाहा. फांदीवर टेकून काम करायचं असल्याने कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या हव्यात. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं. एक दोर कापला गेला तरी दुसरा धरतो. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यालाही हवं. चेन ब्रेक नसलेली चेनसॉ स्वस्त मिळाली तरी नको. तारा जवळ असतील तर वीज बंद करून घेतल्याशिवाय चढायचं नाही.

विम्यात गल्लत होते. फांदी शेजाऱ्याच्या गाडीवर पडली तर सार्वजनिक दायित्व विमा कामाला येतो. तुमच्या कामगाराला त्यातून काही मिळत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण आहे. ती काढाच, पण मोडलेल्या पायाच्या उपचाराचा खर्च ती देत नाही. म्हणून कर्मचारी भरपाई विमा घ्या आणि वैद्यकीय खर्च त्यात जोडला आहे का ते विचारा. अर्जात ‘बागकाम’ लिहून हप्ता वाचवू नका, दावा तिथेच अडेल. ‘झाडावर चढून छाटणी’ असं स्पष्ट लिहा. कामावर झालेल्या इजेची भरपाई ही १९२३च्या कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

मामांच्या टोळीत वर चढणारे सगळे आपल्या वस्तीतले किंवा गोंड होते. पावतीबुक खाली उभ्या असलेल्याच्या हातात. आता ते पावतीबुक तुमच्या हातात येतंय, आणि वर चढणारा बहुधा आपल्याच वस्तीतला असेल. मालक आपला झाला म्हणजे न्याय झाला, असं होत नाही.

पॉलिसी काढलीत की तिची एक प्रत चढणाऱ्याच्या घरी द्या. माझ्या मामींकडे दाखवायला एकही कागद नव्हता.

जय भीम.