बंदिनीची भेट आणि तिचे पुनर्वसन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भगवान महावीरांनी कौशांबी नगरीत एक कठोर अभिग्रह धारण केला होता. श्वेतांबर परंपरेनुसार पाच महिने पंचवीस दिवस तो पूर्ण झाला नाही. अखेर ज्या स्त्रीच्या हातून तो पूर्ण झाला ती चंदना. मस्तक मुंडलेले, पायांत बेड्या, सुपात उडदाचे बाकळे, एक पाय उंबरठ्याच्या आत व एक बाहेर, आणि डोळ्यांत अश्रू. श्रीमंतांच्या घरची पक्वान्ने नाकारून प्रभूंनी या बंदिनीच्या हातची भिक्षा स्वीकारली. पुढे हीच चंदना छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली. जैन घरांतून ही कथा भक्तिभावाने सांगितली जाते. मात्र पुण्यातील येरवड्यात अशाच उंबरठ्यावर अडकलेल्या स्त्रिया आहेत, याचे स्मरण फारसे होत नाही.

येरवड्याचे कारागृह १८७१ सालचे. सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींनी येथेच उपोषण केले. तेव्हा सरोजिनी नायडू येथील महिला विभागात बंदिवान होत्या. त्यांना गांधीजींच्या शुश्रूषेची अनुमती मिळाली. कस्तुरबांना साबरमती तुरुंगातून येरवड्यात आणण्यात आले. संकटकाळी आप्तजनांच्या सान्निध्याचे मोल परकीय सत्तेलाही मान्य करावे लागले.

सामान्य बंदिनीच्या वाट्याला हे सान्निध्य अभावानेच येते. देशातील एकूण बंद्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे चार टक्के आहे. संख्या अल्प, म्हणून महिला कारागृहेही मोजकीच, आणि म्हणून अनेकींचे गाव दूर. पुरुष तुरुंगात गेला तर आई, पत्नी, बहीण डबा व कपडे घेऊन दारात उभी राहते. स्त्री तुरुंगात गेली तर सासर बहुधा संबंध तोडते आणि माहेर लोकलज्जेने गप्प बसते. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला मुदत असते. घराने दिलेल्या शिक्षेला ती नसते.

यात सर्वाधिक होरपळतात ती मुले. २०२२ अखेरच्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत १५३७ मातांसोबत १७६४ मुले राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात याविषयी सविस्तर निर्देश दिले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत मातेजवळ राहू शकते. त्याला योग्य आहार, पाळणाघर व शिक्षण मिळावे, आणि जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाची नोंद नसावी. सहा वर्षांनंतर मूल नातलगाकडे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत जाते. संस्थेतील मुलाची आईशी आठवड्यातून किमान एकदा भेट व्हावी, असेही न्यायालयाने सांगितले. नातलगाकडील मुलाला भेटीस आणण्याचा भार मात्र त्या घराच्या इच्छेवर व ऐपतीवर राहतो. मोलमजुरी करणाऱ्या आजीला नातवंडासह पुण्यास यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, भाडे पदरचे जाते आणि ओळखीची कागदपत्रे जुळवावी लागतात.

कारागृहाच्या भाषेत या भेटीस ‘मुलाखत’ म्हणतात. मध्ये जाळी किंवा काच, आणि काही मिनिटांचे संभाषण. आईला मुलाचा आवाज ऐकू येतो, पण स्पर्श होत नाही. गेल्या दशकात महाराष्ट्रातील कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात ही काच बाजूला सारून बंद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता येऊ लागले. २०२० च्या महामारीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा व्हिडिओ कॉलची सोय पुढे आली. दूरच्या कुटुंबांना तिचा मोठा आधार झाला, तरी ती मांडीवर बसलेल्या लेकराची जागा घेऊ शकत नाही.

पुनर्वसन म्हटले की शिवणकामाचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. तो आवश्यकच आहे. येरवड्याचे नाव तर पेटीच्या चरख्यालाही लाभले आहे. परंतु व्यापाराचा साधा नियम असा की, हातातील कसब हे भांडवल असले तरी धंदा चालतो पतीवर. पिको-फॉल करणाऱ्या बाईकडे दुकानदार दहा-वीस साड्या सोपवतो, तो तिची सुई पाहून नव्हे. तिचे घर कोठे, तिच्या मागे कोण, हे पाहून. सुटून आलेल्या स्त्रीला पत्ता विचारला आणि तो तिला सांगता आला नाही, तर शिकलेले काम वाया जाते.

ही पत भेटींतूनच टिकते, आणि रजेचे नियमही तेच दर्शवितात. संचित रजा, म्हणजे फर्लो, यासंबंधीच्या १९५९ च्या नियमांत, रजेच्या काळात बंद्याला घरी ठेवून घेण्यास नातेवाईक तयार असला पाहिजे, अशी अट होती. जिला कोणी भेटायलाच येत नाही, तिने असा नातेवाईक कोठून आणावा? उलट उदाहरणही येरवड्याचेच आहे. २०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने तेथे ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. शिक्षाबंद्याच्या कारागृहातील मजुरीचा विचार करून, तारण न घेता, ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज. आत बसलेली आई मुलाच्या शिक्षणासाठी पैसे पाठवू शकली, तर तिचे घरातील स्थान पुसले जात नाही.

कुटुंबाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत स्थापन केली. तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हाच प्रयोग होय. पुरुषांसाठी जे शक्य झाले, ते मातांसाठी अशक्य का मानावे?

येथे एक आक्षेप रास्त आहे. जिच्यामुळे दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त झाले, तिच्याविषयी करुणा का बाळगावी? पहिली गोष्ट, देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन आहेत. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही. दुसरी गोष्ट, बंद्यांच्या मजुरीचा काही भाग पीडितांसाठी राखावा, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मांडला. करुणा आणि न्याय एकत्र नांदू शकतात. तिसरी गोष्ट आगमातील. चंदना निर्दोष होती, पण अर्जुनमाळी नव्हता. त्याच्या हातून रोज सात हत्या घडत. सुदर्शन श्रेष्ठी निर्भयपणे सामोरा गेला, आणि तोच अर्जुन प्रभूंच्या चरणी दीक्षित झाला. नगरवासीयांनी मात्र पुढेही त्याला शिव्या दिल्या, मारले. प्रभूंनी त्याला स्वीकारले होते. समाज मागे राहिला होता.

जैन समाजाने असे काम पूर्वी केलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. भूकंपात घर गेलेले मूल आणि आई तुरुंगात गेल्याने घर हरवलेले मूल, यांत निरपराधपणाचा काहीही भेद नाही.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या न्यासास यापुढील काम करण्याजोगे आहे. कारागृह प्रशासनाच्या अनुमतीने, भेटीस येणाऱ्या मुलांचा व आजी-आजोबांचा प्रवासखर्च द्यावा. धर्मशाळेतील एक खोली त्यांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी राखावी. सुटणाऱ्या स्त्रीला शिलाई यंत्र द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला काम देणारे दोन दुकानदार तिच्या सुटकेपूर्वीच ठरवावेत. समाजातील कापड व्यापाऱ्यांना हे सहज शक्य आहे. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडम्’ प्रत्येक जिवाला उद्देशून म्हटले जाते. येत्या संवत्सरीपूर्वी निदान दहा मुलांची आपल्या आईशी भेट व्हावी, एवढा संकल्प या सभेने करावा.

जय जिनेंद्र.