राखणीचा कुत्रा आणि घरचीं मुलें

यवतमाळहून नागपूरकडे निघालें म्हणजे वाटेंत चिंतामणि गणपतीचें कळंब लागतें. भोंवतालीं काळी जमीन आणि पऱ्हाटीचीं शेतें. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा गांवीं एखाद्या हौशी गृहस्थानें सेंट बर्नार्ड जातीचें पिलूं आणावयाचें मनांत घेतलें, तर त्या जातीचें माहेर कोणतें हें त्याच्या कानावर घातलें पाहिजे. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरील, सुमारें २,४७० मीटर उंचीच्या खिंडींत एक मठ आहे. तेथील साधु बर्फांत वाट चुकलेल्या वाटसरूंच्या शोधाला निघत, तेव्हां हे कुत्रे त्यांच्याबरोबर असत. त्यांतला बॅरी तर इतका गाजला कीं, १८१४ सालीं तो मेल्यावर त्याचा देह पेंढा भरून बर्न येथील संग्रहालयांत जपण्यांत आला.

बॅरीची कथा ऐकून कोणाचेंही मन द्रवेल. पण बॅरीच्या वंशजाला कळंबच्या उन्हांत आणणें ही दया नव्हे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय. दाट केसांचा, अवजड देहाचा प्राणी भर दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं बांधून ठेवला, तर उष्माघातानें कांहीं तासांत प्राणास मुकतो.

मग मोठा कुत्रा पाळूंच नये काय? तसें नाहीं. मुधोळच्या घोरपडे या मराठी राजघराण्यांतील मालोजीरावांनीं आपल्या मुलखांतील सडपातळ शिकारी कुत्र्यांची पैदास नीट लक्ष घालून वाढविली. आंखूड केसांचा हा कुत्रा दख्खनचें ऊन सोसतो. खेड्यापाड्यांत त्याला कारवानी म्हणतात. २००५ सालीं तो टपालाच्या तिकिटावर आला, आणि २०१६ पासून मेरठ येथें सैन्यानेंही त्याला शिकवावयास घेतलें. मात्र तो धांवण्यासाठीं जन्मलेला प्राणी आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तो राहील, पण सुखानें राहणार नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें, त्यांना धनगराचा कुत्रा आठवत असेल. घोड्यावर बिऱ्हाड, मागें मेंढ्या आणि कडेला तो! रात्रीं लांडगा आला तर प्रथम तोच भुंकतो. धनगराचें पोर मात्र त्याच्या अंगावर खुशाल लोळतें. यांत जादू कांहीं नाहीं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं ज्यांच्या सहवासांत वाढतें, त्यांना तें आपलीं मानूं लागतें. कोंकरांत वाढलें म्हणून कोंकरें त्याचीं, पोरांत वाढलें म्हणून पोरें त्याचीं.

शहरांतील घरीं याच्या नेमकें उलट घडतें. पिलूं आणतात, चार दिवस कौतुक करतात आणि मग फाटकाशीं साखळीनें बांधतात. साखळीनें कुत्रा राखणदार होत नाहीं, चिडखोर होतो. (या बाबतींत पोस्टमनची साक्ष कोठेंही एकच मिळेल!) पुढें तो कोणा मुलाला चावला कीं दोष त्याच्या जातीला. वस्तुतः मोठा कुत्रा प्रौढ होण्यास दीड-दोन वर्षें लागतात. तोंवर अंगानें तो बैल आणि बुद्धीनें पोर असतो. म्हणून लहान मुलाला त्याच्यापाशीं एकटें सोडूं नये, आणि तो खात असतां मुलानें जवळ जाऊं नये. पिसाळीची लस त्याला वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. तरीही कोणतेंही कुत्रें चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी आणि तडक दवाखाना गांठावा. हळद-चुना भरीत बसूं नये. पिसाळीचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस बहुधा वांचत नाहीं.

उन्हाळ्यांत त्याला पहांटेंच फिरवून आणावें. उशीर झालाच, तर निघण्यापूर्वीं डांबरी रस्त्यावर आपला पालथा पंजा टेकून पाहावा. माणसाला तो चटका सोसत नसेल, तर कुत्र्याला त्या दिवशीं अंगणांतच खेळूं द्यावें.