जिवंतपणाची हिरवी खूण



आपल्या कपाशीच्या फुलातला परागकण जिवंत की मेलेला, हे त्याला न मारता कसे ओळखावे? बायरने १८७१ साली फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग बनविला. त्याला अ‍ॅसिटेटच्या दोन गाठी मारल्या, की तो निस्तेज होतो व पेशीत सहज शिरतो. आतली एस्टरेझ एन्झाइमे गाठी सोडतात आणि निळ्या प्रकाशात पेशी हिरवी उजळते. पडदा फाटका असेल, तर रंग गळून जातो. ज्या एन्झाइमचा शोध, त्यालाच सुटणारी गाठ मारावयाची. सारी कारागिरी एवढीच! रोटमन व पेपरमास्टर यांनी १९६६ साली प्राण्यांच्या पेशींत हे दाखविले. मात्र उजळलेला प्रत्येक कण रुजतोच असे नाही. म्हणून साखरेच्या द्रावणात त्याला नळी फुटते का, हेही आम्हांस पाहावे लागते.