‘जाऊ दे, सहाशे रुपये तर आहेत’

(तरुणांच्या शिबिरातील भाषण)



मला ‘ग्राहक म्हणून आपले हक्क’ हा विषय दिला आहे. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून मी स्वतः काय केलं, तेच सांगतो.

गेल्या वर्षी मी बाईकसाठी पुढच्या चाकाचे डिस्क ब्रेक पॅड ऑनलाइन मागवले. किंमत ६४० रुपये. ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेतले. बाराव्या दिवशी ब्रेक दाबला की खरखर आवाज यायला लागला. मेकॅनिकने खोलून पाहिलं, तर एका पॅडवरचा घासणारा थर मागच्या पत्र्यापासून सुटत चालला होता. ही बाईक अब्बा चालवतात, धाकटा भाऊ कॉलेजला नेतो. म्हणजे प्रश्न फक्त पैशांचा नव्हता.

कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं. परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली, शिवाय माल वापरलेला आहे. चॅटवर तीनदा हेच ऐकलं. घरचे आणि मित्र म्हणाले, “जाऊ दे, सहाशे रुपये तर आहेत.” पण असा खराब माल विकणाऱ्याचा धंदा या ‘जाऊ दे’वरच चालतो. आणि ब्रेक पॅडचा दोष डबा उघडून दिसत नाही, तो बसवल्यावरच कळतो.

आमच्या कामात ‘अॅप चालत नाही’ एवढंच लिहून आलेली तक्रार पुढे सरकत नाही. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कधी झालं, पुरावा काय, हे लागतं. मी तसंच पत्र लिहिलं. ऑर्डर नंबर, बिल, तारखा, पॅडचे फोटो, डब्यावरचा बॅच नंबर, मेकॅनिकने सहीनिशी लिहून दिलेल्या दोन ओळी. शेवटी एकच मागणी: पूर्ण ६४० रुपये परत. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही. खराब पॅड आणि डबा जपून ठेवले.

हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

पोच आली, पण उत्तर पुन्हा नकाराचंच. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. एकोणिसाव्या दिवशी पैसे खात्यात आले.

नसते आले, तर जिल्हा ग्राहक आयोग होता. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची.

इथे डिलिव्हरीचं काम करणारी मुलंही बसली आहेत. तुम्हाला कोणी म्हणेल, ‘तू तर धंद्यासाठी घेतलंस, तू ग्राहक नाहीस.’ त्याचं ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहकच आहे. मात्र गॅरेजवाल्याने विकण्यासाठी पार्ट आणले, तर त्या पार्टबाबत तो ग्राहक ठरत नाही. म्हणून त्याने गिऱ्हाइकाला पक्कं बिल द्यावं. तक्रार मग गिऱ्हाइकाला करता येते.

आपल्या मोहल्ल्यात कितीतरी जण फॉर्म आणि ईमेल म्हटलं की बिचकतात, आणि नुकसान सोसून गप्प बसतात. तुमच्यापैकी प्रत्येकाला लिहिता-वाचता येतं. माझी एकच विनंती आहे. या महिन्यात शेजारच्या एका माणसाची तक्रार त्याच्याजवळ बसून लिहून द्या. पुढची त्याची तो लिहील.