कडोदऱ्याच्या शिवारात रसायनमुक्त शेती

सुरत जिल्ह्यातलं महामार्गावरचं कडोदरा कापड गिरण्यांचं म्हणून आपण ओळखतो. पण ते ज्या पलसाणा तालुक्यात येतं, तो मुळात उसाचा. सुरत जिल्ह्यात दर पंचायतीमागे ७५ शेतकरी रसायनमुक्त, म्हणजेच नैसर्गिक शेतीकडे वळवायचं ठरलं. १० जुलै २०२२ला सुरतेत त्याची परिषदही झाली. देशी गाय पाळून अशी शेती करणाऱ्यांसाठी गुजरात सरकारची महिना ९०० रुपयांची योजना आहे. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात. खरी कसोटी पहिल्या हंगामांची! उत्पन्न घटू शकतं, आणि माल रसायनमुक्त असल्याचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तो बहुधा साध्याच भावानं जातो. म्हणून सगळं रान एकदम बदलू नका. एका तुकड्यापासून सुरुवात करा, योजनांच्या अर्जासाठी ग्रामसेवकाला भेटा.