रोपांचे शीतगृह : एक उपसूचना

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या तरुण सभासदांनी आज जी सूचना मांडली आहे, तिच्यामागील तळमळीबद्दल मी प्रथम त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. गावच्या जागेत समाजाच्या वर्गणीतून शीतगृह उभारावे, त्यात झाडांची रोपे राखावी आणि ज्या कुटुंबास पावसाळ्यात जेव्हा गावी येणे जमेल तेव्हा ती त्यास द्यावी, अशी ही योजना आहे. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होत आला; पण मुंबईच्या चाकरमान्यास त्याच आठवड्यात रजा मिळते असे थोडेच आहे! अडचण खरी आहे. प्रश्न उपायाचा आहे.

स्वीडन, फिनलंड, कॅनडा या देशांत अशी शीतगृहे आहेत व ती उत्तम चालतात. त्याचे कारण मात्र नीट ध्यानी घेतले पाहिजे. तेथे शरदात दिवस लहान होऊन थंडी पडू लागली, की पाइन, स्प्रूस यांची रोपे वाढ थांबवितात, शेंड्यास कळी धरतात आणि निद्रिस्त होतात. अशी रोपे उपटून पिशव्यांत बांधतात व शून्याखाली दोन ते चार अंशांवर ठेवितात. ती महिनोन्महिने टिकतात. वसंतात सखल भागातील बर्फ आधी वितळते, डोंगरावरील मागाहून. तेथील जमीन मोकळी होईपर्यंत रोप जागे होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. यंत्रे नसत तेथे बर्फाच्या ढिगात रोपे ठेवून वर लाकडाचा भुसा पसरीत.

आपले आंबा, फणस, कोकम हे वृक्ष सदाहरित. अशी निद्रा त्यांस ठाऊक नाही, आणि कडाक्याची थंडी तर त्यांस मुळीच सोसत नाही. अंधाऱ्या थंड कोठीत त्यांची रोपे कोंडली, तर बाहेर येतील ती काळवंडलेलीच. रोपांचेच काय, त्यांच्या बियांचेही तसेच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बियांचे दोन वर्ग सांगितले : सुकवून थंडीत ठेवता येणाऱ्या, आणि सुकविताच मरणाऱ्या. आंबा, फणस, जांभूळ दुसऱ्या वर्गात मोडतात. आपल्या वडीलधाऱ्या बायका कोय ताजीच पुरीत. त्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

सागाची गोष्ट निराळी. तो पानझडी. त्याच्या वर्षाच्या रोपाचे खोड बोटाच्या पेराएवढे व मूळ वीतभर ठेवून बाकीचे छाटतात; यालाच सागाची जडी म्हणतात. सावलीतल्या खड्ड्यात कोरड्या वाळूच्या थरांत ती कित्येक आठवडे राहते. विजेचे बिल नाही! नाहीतर आपल्याकडे पहिल्या वादळी पावसात वीज किती वेळा जाते, हे सभागृहास सांगावयास नको.

थंडीचा खरा उपयोग आहे तो बांबूच्या बियांना. मानवेल कित्येक दशकांनी एकदा फुलते, बी ढिगांनी पडते आणि बेट मरते. ते बी उघड्यावर फार काळ उगवणक्षम राहत नाही. सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवल्यास काही वर्षे टिकते. पण त्यास घरगुती फ्रिजचा एक खण पुरतो.

राहिली वाट पाहणारी रोपे. त्यांस मोठ्या पिशव्या, वर सावलीची जाळी आणि पाणी हवे. पिशव्या अधूनमधून जागच्या हलवून खाली जमिनीत शिरलेली मुळे छाटावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. मग उचलताना मूळ तुटते व दोष पावसाला मिळतो. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालणारा पगारी माणूस नेमल्याखेरीज कोणतीही इमारत बांधणे मला व्यर्थ वाटते.

म्हणून मूळ सूचनेतील ‘शीतगृह’ हा शब्द गाळून तेथे ‘रोपांचा मांडव व पगारी माळी’ हे शब्द घालावेत, अशी उपसूचना मी मांडतो. माळ्याच्या वर्षाच्या पगाराचा आकडा चिटणीसांनी मतदानापूर्वी वाचून दाखवावा. उपसूचनेस अनुमोदक हवा आहे.